शुद्धिपत्र

मिझुरीतल्या त्या छापखान्यात
माझं काम एवढंच: नावं वाचणं.
एका हातात शाळेनं टंकून पाठवलेली यादी,
दुसऱ्या हातात ओलं प्रूफ,
आणि शेजारी ड्रुसिला, अक्षर अक्षर मोठ्यानं सांगणारी.
श्मिटमध्ये टी एक की दोन,
यावरून आम्ही एकदा दोन दिवस अबोला धरला होता.

जानेवारी ते एप्रिल
कुठल्या कुठल्या गावांची पोरं आमच्या टेबलांवरून जायची,
केस नुकतेच विंचरलेले,
मान जराशी डावीकडे.
फोटोवाला सगळ्या वर्गाला एकच टाय पुरवायचा.
त्या टायवरचा डाग मला पाठ होता.

खिळे जुळवणारा म्हातारा एमेट म्हणायचा,
पूर्वी असं पुस्तकच नव्हतं.
होती फक्त एक वही,
तिच्यात मैत्रिणीच्या केसांची बट, चपटं झालेलं फूल,
आणि खाली वळणदार अक्षरात: विसरू नकोस.
मग अंड्याच्या पांढऱ्यावर चेहरे उमटायला लागले,
ते प्रत्येक प्रतीत हातानं चिकटवायचे,
पंचवीस मुलं, पंचवीस पुस्तकं,
खळीचा वास आठवडाभर बोटांना.
मग आली जाळी.
चेहरा ठिपक्यांत मोडायचा.
भिंगाखाली धरलं तर कुणीच नाही,
हात लांब केला की
कुणाची तरी पोर हसतेय.

सोळा पानांचा एक फर्मा,
घडी, शिवण, सरस, पुठ्ठा,
वर सोनेरी अक्षरांत साल.
एकोणीसशे अठ्ठावन्न.

त्या ऑगस्टमध्ये नेब्रास्काहून एक पत्र आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं.
"पान एकतीस. लिओना क्रेचमर आणि लॉर्ना क्रेचमर,
माझ्या जुळ्या मुली.
तुम्ही नावं उलटी छापली आहेत.
लिओना जुलैत तळ्यात बुडाली.
तिच्या चेहऱ्याखाली
जिवंत मुलीचं नाव आहे."

मी यादी काढली. प्रूफ काढलं.
यादीत होतं तसंच छापलं होतं.
तरीही मालकाला न विचारता
एकशे चाळीस चिठ्ठ्या छापून घेतल्या,
मागे डिंक लावून,
आणि एमेटची गाडी मागून निघाले.
पावणेदोन दिवस. मका, मका, एक पेट्रोल पंप, पुन्हा मका.

दार लॉर्नानं उघडलं.
आई कोंबड्यांकडे गेली होती.
चिठ्ठी वाचून ती पायरीवर बसली, म्हणाली,
"तुमचं काही चुकलेलं नाही, बाई.
त्या दिवशी आम्ही जागा बदलल्या.
फोटोवाल्यानं हाक मारली, 'लॉर्ना?'
तर ती उठली, माझं जाकीट घालून,
आणि मला हसू आवरेना,
म्हणून माझा फोटो असा आलाय.
पुस्तक आल्यावर आईला सांगणार होतो."

बादली घेऊन आई आली.
आम्ही दोघी गप्प.
मी म्हटलं, चूक झाली, माफ करा.
तीस वर्षांत मी एवढं एकच खोटं
वाचून, तपासून पुढे पाठवलं.

आईनं एक चिठ्ठी घेतली,
जिभेनं ओली केली,
पान एकतीसवर अंगठ्यानं दाबून धरली,
बराच वेळ.
बाकीच्या? मी विचारलं.
शाळेत वाटते का?
लॉर्ना माझ्याकडे बघत होती.
आई म्हणाली, "बाकीच्यांना काय फरक पडतो."

म्हणजे अजूनही त्या गावात
एकशे एकोणचाळीस कपाटांत
लिओना लॉर्ना होऊन बसली आहे,
मान जराशी डावीकडे.

उरलेल्या चिठ्ठ्या माझ्या खणात आहेत.
दमट हवेत डिंक सुटतो,
एकीला दुसरी चिकटते.
परवा सुरीचं पातं घालून पाहिलं.
फाटतात, पण सुटत नाहीत.